मूल निवासी म्हणवून घेण्यात कमीपणा कसला?

दहावीचा निकाल जवळ आला की बुऱ्हाणपुरातील जुन्या मराठी घरांत, मग ती बुधवाऱ्यातील असोत, शनवाऱ्यातील असोत वा इतवाऱ्यातील, एकच खल सुरू होतो. मुलगा हुशार आहे, येथे ठेवून त्याचे भले होणार नाही. अकरावीला त्याला जळगावला आत्याकडे किंवा पुण्याला मामाकडे पाठवावे, म्हणजे 'आपल्या' महाराष्ट्रात एखाद्या नामांकित महाविद्यालयाचे दार त्याला उघडेल. हा विचार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याची छाननी कोणी करीत नाही. आमच्या मते तो चुकीचा आहे, आणि ज्या मुलाच्या कल्याणाकरिता म्हणून तो केला जातो त्याचेच तो नुकसान करतो. हे लिहिणे अनेकांस रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. परंतु दोन वर्षे आणि काही लाख रुपये गमावून बसलेली घरे आपल्याच गल्लीत दिसू लागल्यावर गप्प राहणे बरे नव्हे.

प्रथम 'संधी' या शब्दाचा हिशेब करू. 2024 साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेस 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा त्या सुमारास 1 लाख 10 हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांतील शासकीय जागा साधारण निम्म्या. म्हणजे विसांत एक, आणि परवडणाऱ्या शुल्काचा विचार केला तर चाळिसांत एक. त्याच वर्षी 'पात्र' ठरलेल्यांची संख्या मात्र 13 लाखांवर होती, कारण सर्वसाधारण प्रवर्गात परीक्षार्थींपैकी वरच्या निम्म्यांत येणे एवढाच पात्रतेचा अर्थ आहे. हे ठाऊक नसल्यामुळे मुलगी 'नीट पास झाली' म्हणून पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्याच दिवशी दूरच्या खाजगी महाविद्यालयांच्या दलालांचे फोन खणखणू लागतात. आयआयटींची गोष्ट याहून अवघड. 2024 मध्ये सर्व आयआयटी मिळून 17,740 जागा होत्या आणि त्यांत कोणत्याही राज्याचा राखीव वाटा नसतो. इंदूरला 2009 पासून आयआयटी आहे म्हणून निमाडच्या मुलास तेथे तसूभरही सवलत नाही.

परंतु इतर अनेक ठिकाणी राज्याचा वाटा असतो, आणि तोच आमच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात, उरलेल्या 85 टक्के त्या त्या राज्याच्या. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत निम्म्या जागा ज्या राज्यात संस्था आहे त्या राज्याच्या विद्यार्थ्यांच्या. विसांत एक या प्रमाणाशी झुंजणाऱ्या मुलास हा वाटा म्हणजे केवढा आधार! आणि नेमका हाच आधार आपण भावनेच्या भरात सोडून देतो.

कायदा या बाबतीत मातृभाषा विचारीत नाही, वास्तव्य विचारतो. हे आजचे नाही. 1955 साली सर्वोच्च न्यायालयाने 'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य' या खटल्यात निर्णय दिला. प्रकरण इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे होते. मध्य भारताच्या रहिवासी विद्यार्थ्यांकडून जे घेतले जात नव्हते ते प्रतिव्यक्ती शुल्क बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून घेतले जाई, आणि दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले होते. जन्मस्थान आणि वास्तव्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, राज्यघटनेने मनाई केली आहे ती जन्मस्थानावरून भेद करण्यास, असे सांगून न्यायालयाच्या बहुमताने ते शुल्क वैध ठरविले. पुढे 1984 च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने वास्तव्याच्या अटीला मर्यादा घातली आणि त्यातूनच अखिल भारतीय जागांची पद्धत निघाली. अगदी अलीकडे, 29 जानेवारी 2025 रोजी, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात वास्तव्यावर आधारित आरक्षण घटनाबाह्य असल्याचे न्यायालयाने सांगितले. पण एमबीबीएसच्या पातळीवरील राज्याच्या वाट्याला हात लावला नाही.

या 1955 च्या खटल्याचा आपल्या गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. फार जवळचा आहे. त्या वर्षी बुऱ्हाणपूर मध्य भारतात नव्हतेच. ते होते जुन्या मध्यप्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे बुधवाऱ्यातील एखादा विद्यार्थी 1955 साली इंदूरला वैद्यकीय शिक्षणास गेला असता तर तोही त्या दिल्लीकर विद्यार्थ्याप्रमाणेच परका ठरला असता. आणि 1947 साली सुरू झालेले नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र त्याच्या स्वतःच्या राज्यातले होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला, मध्य भारतही त्यातच विलीन झाला. एका रात्रीत इंदूर घरचे झाले आणि नागपूर परके. माणसे तीच, तापीचा काठ तोच. आमच्या वडीलधाऱ्या पिढीला हे समजून घ्यावयास वेळ लागला हे आम्ही समजू शकतो. नागपूरची सवय जडलेली, नातीगोती तिकडची. पण त्या गोष्टीला आता जवळजवळ सत्तर वर्षे होत आली. प्रवेशाच्या कामी 'घर' ही मनातली जागा नसून नकाशावरची रेघ आहे, आणि ती रेघ सरकली त्या दिवसापासून आपल्या मुलांचा वाटा भोपाळ-इंदूरकडे आहे, एवढी गोष्ट आपल्या घरांनी अद्याप पचविलेली नाही.

आता अकरावीला जळगावी धाडलेल्या मुलाचे काय होते ते पाहू. महाराष्ट्राच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील राज्याच्या जागांसाठी, काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात, शिवाय तेथील अधिवासाचा दाखला लागतो. आपल्या मुलाची दहावी झालेली असते बुऱ्हाणपुरात. म्हणजे पहिल्याच अटीवर तो बाद. आत्याचे घर, आडनाव, घरी बोलली जाणारी भाषा यांपैकी काहीही तेथील अर्जाच्या रकान्यात बसत नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांत विद्यार्थ्याचे राज्य ठरते ते त्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून. बापाचे घर कोठे आहे यावरून नव्हे. त्यामुळे भोपाळच्या मौलाना आझाद संस्थेतील निम्म्या जागांवरचा त्याचा हक्क, बारावीचा अर्ज जळगावात भरला त्या दिवशी संपतो. त्याऐवजी नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत त्याला महाराष्ट्राचा विद्यार्थी म्हणून गणले जाते, हे खरे आहे आणि ते आम्ही लपवू इच्छीत नाही. परंतु तेथे त्याची गाठ मुंबई, पुणे, लातूर, नागपूर येथील मुलांशी पडते. घरचे सोडून परक्याच्या पंगतीत शेवटच्या पाटावर बसण्यासारखे ते आहे.

याखेरीज मध्यप्रदेश शासनाची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना 2017 पासून चालू आहे. ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतील घरातील मूल राज्य मंडळाच्या बारावीत 70 टक्के किंवा केंद्रीय मंडळाच्या बारावीत 85 टक्के गुण मिळवून नीट वा जेईईच्या मार्गाने प्रवेश मिळवील तर त्याचे शुल्क शासन भरते. नीटमधून राज्यातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्यासही अटींवर हा लाभ आहे. या योजनेत महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाचे नाव नाही. खंडवा आणि जळगाव, दोन्हीकडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये 2018 सालीच सुरू झाली. आपण बरोबर मधोमध राहतो. एकीकडे आपला वाटा आहे, दुसरीकडे नाही. आणि आपल्या घरची मुले नेमकी दुसरीकडच्या गाडीत बसतात!

येथे काही मंडळी एक मागणी पुढे करतात. बेळगाव सीमाभागातील, म्हणजे महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासन वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत वेगळी सोय करते. तशीच सोय बुऱ्हाणपूरकरांना का नसावी? ही मागणी आम्हांस मुळातच अमान्य आहे. बेळगावचा प्रश्न हा वादग्रस्त भूभागाचा प्रश्न आहे, 2004 पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि ती सवलत त्या वादाची सावली आहे. बुऱ्हाणपूरवर महाराष्ट्राचा असा कोणता दावा आहे? आपले पूर्वज येथे आले ते काही चुकून सीमेच्या पलीकडे राहून गेलेले लोक नव्हेत. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांच्या हाती आले, पुढे शिंद्यांच्या अमलात राहिले, आणि 1860 च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. त्या शतकभरात आणि त्यानंतरही खानदेशातून, वऱ्हाडातून, देशावरून जी घरे आली ती येथे नांदण्यासाठी आली. अडीचशे वर्षे नांदल्यानंतर दुसऱ्या राज्याकडे सवलतीचा कटोरा घेऊन जाणे हा त्या पूर्वजांचाच उपमर्द आहे.

आणि तरीही 'मूल निवासी' हा शब्द उच्चारताना आपली जीभ अडखळते. आम्ही शासकीय सेवेत असताना हा अनुभव वारंवार घेतला. मूल निवासी प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन येणाऱ्यांत पिढ्यान्पिढ्या येथे राहिलेली मराठी घरे फार उशिरा येत, बहुधा प्रवेशाची मुदत संपावयास चार दिवस उरले असताना. कागद अपुरे, चेहऱ्यावर त्रासिक भाव, आणि बोलण्यात एक वाक्य ठरलेले: "आम्ही मूळचे सातारकडचे हो, पण आता कागदोपत्री..." अहो, सातारकडून आल्यास आठ पिढ्या झाल्या! मूळचे कोण, हा प्रश्न आठ पिढ्यांनंतरही सुटलेला नसेल तर तो कधी सुटावयाचा? कुलदैवत जेजुरीला वा तुळजापूरला आहे, ते असावेच. पण तहसील कार्यालयातील अर्ज कुलदैवत विचारीत नाही.

हीच संकोचवृत्ती आणखी एका दाखल्याबाबत दिसते. आरक्षणामुळे आपल्या मुलांच्या जागा गेल्या, हे वाक्य आपल्या बैठकांतून आम्ही पन्नास वर्षे ऐकत आलो आहोत. 2019 साली 103 वी घटनादुरुस्ती झाली. आरक्षणाबाहेरील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्के जागा आल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि जमीन-घराच्या मर्यादेत बसणारी कितीतरी घरे आपल्यात आहेत: पौरोहित्य करणारी, लहान दुकान चालविणारी, खाजगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकविणारी. त्यांतील अनेकांनी हा दाखला काढलेला नाही. का? तर 'दुर्बल' हा शब्द कपाळी नको! आरक्षणाविषयी तक्रार करावयाची आणि आपल्या हक्काचा दाखला अभिमानापोटी काढावयाचा नाही, यात तर्क कोणता आहे हे आम्हांस आजवर उमगलेले नाही.

तिसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. 2023 पासून मध्यप्रदेशात एमबीबीएस आणि बीडीएसच्या 5 टक्के जागा शासकीय शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेले असणे ही त्यातील मुख्य अट. पहिल्याच वर्षी खुल्या प्रवर्गातील अशा बऱ्याच जागांना उमेदवार मिळाले नाहीत आणि त्या सर्वसाधारण खुल्या यादीत वर्ग कराव्या लागल्या. त्यावरून वाद झाला आणि ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की शासकीय शाळांत शिकलेल्या मागास प्रवर्गांतील गुणवंतांचाही गुणवत्तेवर त्या खुल्या जागांवर हक्क आहे. निर्णय न्याय्यच आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. या जागांना उमेदवार का मिळाले नाहीत? कारण खुल्या प्रवर्गातील घरांनी, आणि त्यांत आपली घरे आली, शासकीय शाळा केव्हाच सोडून दिल्या. ज्या शाळांत आपले वडील आणि काका शिकले, ज्या शाळांत आपल्याच घरांतील माणसांनी शिक्षक म्हणून हयात घालविली, त्या शाळेच्या फाटकातून मुलाला आत पाठविणे आता प्रतिष्ठेस बाधक वाटते. जिल्ह्याचे शासकीय उत्कृष्ट विद्यालय अथवा आता सांदीपनि विद्यालय म्हणून ओळखली जाणारी शाळा पाहून तरी यावी, एवढेही कोणी करीत नाही. सर्वच शासकीय शाळा चांगल्या आहेत असा आमचा दावा नाही. शिक्षकांची रिक्त पदे आम्हांस ठाऊक आहेत. परंतु न पाहता नाकारणे हा पालकधर्म नव्हे.

यावर ठेवणीतले उत्तर असते व्यापमंचे. 'या राज्यात गुणवत्तेला विचारतो कोण?' जुलै 2013 मध्ये तो घोटाळा इंदुरात उघडकीस आला, 2015 मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 634 विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. 2008 ते 2012 या काळात प्रामाणिक मुलांच्या तितक्या जागा चोरीस गेल्या, हे कलंकित सत्य आहे आणि राज्याच्या सेवेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांस ते अधिक सलते. पण ती पूर्वपरीक्षा आता नाही. वैद्यकीय प्रवेश देशव्यापी परीक्षेवर होतात, आणि 2024 मध्ये पाटणा-हजारीबागेत प्रश्नपत्रिका फुटली तिची झळ महाराष्ट्रातील मुलासही तितकीच लागली. व्यापमंच्या नावाने राज्य सोडणारा मुलगा त्याच परीक्षेस दुसऱ्या गावी बसतो, एवढाच काय तो फरक.

कोट्याविषयी थोडक्यात. तेथील शाळेतून बारावी करणारा मुलगा राष्ट्रीय संस्थांच्या हिशेबी राजस्थानचा होतो, हे कोणताही कोचिंगवाला आपणहून सांगत नाही. आणि ज्या शाळांत केवळ नाव घालून मुले वर्गास जातच नाहीत, त्यांच्यावर केंद्रीय मंडळाने हत्यार उगारले आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली व राजस्थानातील 21 शाळांची संलग्नता काढून घेण्यात आली. अशा शाळेत नाव असलेल्या मुलाची अवस्था काय होत असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

राहता राहिला मराठीचा मुद्दा, आणि आमच्या विरोधकांचा हाच एक मुद्दा आम्ही गंभीर मानतो. येथे राहिला तर मुलाचे मराठी जाईल, सगळे वातावरण हिंदीचे, असे म्हणतात. खरे आहे. पण पंधराव्या वर्षापर्यंत ज्या घरात मुलाच्या हाती मराठी पुस्तक पडले नाही, तेथे दोन वर्षांच्या जळगावी मुक्कामात, तेही सकाळ-संध्याकाळ शिकवणी वर्गांत घालवून, कोणते मराठी येणार? उलट मूल गेले की घरातले बोलणेही आटते, आणि आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात नाटकाला पात्रे मिळेनाशी होतात. मराठीसाठी भांडावयाचे असेल तर भांडण्याजोगी जागा आहे. नीट आणि जेईई मेन या परीक्षा 13 भाषांत होतात, त्यांत मराठी आहे. परंतु मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. बुऱ्हाणपूर, इंदूर, ग्वाल्हेर येथे राहणाऱ्या मराठी मुलाने ती मागितली तर त्यास परराज्यातील केंद्र गाठावे लागते. राज्यघटनेचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते; मग त्याच मुलांना पुढे प्रश्नपत्रिका मातृभाषेत, राहत्या राज्यात का मिळू नये? ही मागणी सवलतीची नाही, हक्काची आहे. आपल्या मंडळाने, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळांना बरोबर घेऊन, दिल्लीस असे निवेदन धाडले तर त्यावर पहिली सही आम्ही करू.

तोपर्यंत मंडळाने एक साधे काम हाती घ्यावे अशी आमची सूचना आहे. दर शनिवारी सायंकाळी वाचनालयाच्या खोलीत दोन तास एक टेबल मांडावे. आपल्यात सेवानिवृत्त महसूल कर्मचारी आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. त्यांनी आळीपाळीने बसावे, त्या त्या वर्षाचे प्रवेश नियम मूळ स्वरूपात वाचून ठेवावेत आणि आठवी-नववीतील मुलांच्या पालकांस आताच सांगावेत. बारावीनंतर सांगून उपयोग नाही. मूल निवासी प्रमाणपत्र लोकसेवा केंद्रातून मिळते. 2010 च्या लोकसेवा हमी कायद्याने शासकीय सेवांना मुदतीचे बंधन घातले, आणि असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला दरवर्षी नव्याने काढावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे. त्यासाठी लागणारे जुने खरेदीखत, आजोबांच्या वेळचा शाळेचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या असले कागद बहुतेक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत पडून आहेत. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते खाली काढावेत आणि त्यांच्या दोन-दोन छायाप्रती करून मुलाच्या नावाच्या फायलीत लावून ठेवाव्यात.